पीसीच्या पोटातली गोधडी

गेल्या मे महिन्यात आमचा पीसी एवढा आवाज करायला लागला की आईने स्वयंपाकघरातून विचारलं, मिक्सर कोणी लावलाय? चार टॅब उघडले की पंखा सुटायचा आणि मग माऊसचा बाणसुद्धा रखडत चालायचा. मला वाटलं व्हायरस, म्हणून विंडोज परत टाकलं, अख्खा रविवार गेला, फरक शून्य. शेवटी साईडचं पॅनल उघडलं. वरून बघितलं तर प्रोसेसरचा पंखा जरा धुळकट, इतकंच, पण तो सोडवून उचलला तर खाली हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर करड्या रंगाची गादीच बसलेली, चिमटीत धरली तर अख्खी एका तुकड्यात सोलून निघाली, त्यात केस, कपड्यांचे धागे आणि झुरळाचा एक पाय.

ही गादी नेमकं तेच काम करते जे थंडीत गोधडी करते. गोधडीत ऊब कापसाची नसते, कापसात अडकलेल्या हवेची असते, कारण थांबलेली हवा उष्णता पुढे न्यायला अगदी आळशी, अॅल्युमिनियम तिच्यापेक्षा जवळपास 9000 पट चांगलं. हीटसिंकची पाती पातळ आणि मोकळी ठेवलेली असतात ती वारा मधून वाहावा म्हणून, आणि धूळ बरोबर त्याच फटी बुजवते. मग प्रोसेसर तापतो, पंखा जोरात फिरतो, जोरात फिरला की अजून धूळ ओढतो. बऱ्याच प्रोसेसरचं तापमान 100 अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की तो जळू नये म्हणून स्वतःच स्वतःचा वेग कमी करतो, त्याला थ्रॉटलिंग म्हणतात. माझा व्हायरस तो हाच.

आणि आपल्याकडची धूळ नुसती धूळ नसते हो. फोडणीची तेलकट वाफ आणि उदबत्तीचा धूर तिला चिकट करतात, म्हणून फुंकर मारून ती हलत नाही. त्यात समुद्राजवळ राहत असाल तर हवेतलं मीठ पावसाळ्यात ओल धरतं आणि धुळीचा थर थोडासा का होईना वीजवाहक होतो. तोंडाने फुंकर तर मारूच नका, थुंकीतही क्षार असतात.

साफ करताना प्लग काढा आणि मग पॉवरचं बटन पाचेक सेकंद दाबून धरा, आत उरलेला चार्ज निघून जातो. पण पॉवर सप्लायचा डबा उघडायचा नाही म्हणजे नाही. घरातले 230 व्होल्ट आत डीसी होताना 325 च्या आसपास जातात आणि कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, प्लग काढल्यावरही काही वेळ टिकू शकतात. त्याला बाहेरूनच ब्लोअर मारा.

ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. भिंगरीसारखा फिरताना बघायला मजा येते, मीही केलंय, पण बेअरिंगची वाट लागते आणि शिवाय फिरणारी मोटर उलटी जनरेटर होऊन वीज तयार करू शकते. घरातला व्हॅक्यूम क्लीनरही आत घालू नका, कोरडी धूळ प्लास्टिकच्या नळीला घासत जाते आणि स्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज, तयार होते. आपल्याला चटका जाणवतो तो साधारण 3000 व्होल्टला, आणि काही चिप 100 च्या आतच मरतात, म्हणजे तुम्हाला काही कळायच्या आत. म्हणून आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावायचा. पावसाळ्यात ही भीती कमी, डिसेंबरात स्वेटर काढताना चटचट होतं तेव्हा जास्त.

पुसायला मोबाईल रिपेअरवाले ज्याला नुसतं आयपीए म्हणतात ते 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, झटकन उडून जातं. 70 टक्केवाल्यात उरलेलं बरंचसं पाणीच असतं. हीटसिंक उचलला असेल तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी लागते, तुरीच्या दाण्याएवढी. जास्त लावली की जास्त थंड असं नाही, पेस्ट धातूपेक्षा वाईटच वाहक आहे, तिचं काम फक्त दोन धातूंमधल्या बारीक फटीतली हवा हाकलणं.

कीबोर्ड उलटा करून झटकला तर आमच्या घरी भडंग निघाला, त्याबद्दल कोणी कबुली दिली नाही. चहा सांडला असेल तर मात्र झटकून भागत नाही, साध्या कीबोर्डमध्ये प्लास्टिकचे तीन पापुद्रे असतात, त्यांच्यामध्ये साखर शिरली की बटनं रुसतात. माऊसचं पोट बघा, त्या भोकात छोटा कॅमेरा असतो, सेकंदाला हजारच्या वर फोटो काढतो, आणि मांजराचा एक केस तिथे अडकला की बाण थरथरायला लागतो. कानकोरण्याच्या कापसाने निघतो. स्क्रीनवर काचेचा स्प्रे थेट मारू नका, ओघळ खालच्या कडेतून आत जातो आणि अमोनियाने वरचं कोटिंग खराब होतं, किंचित ओलं मायक्रोफायबर पुरे.

सगळं परत जोडलं, 90 च्या वर जाणारं तापमान 60 च्या आत आलं. पंख्याचा आवाज इतका गेला की आईला वाटलं पीसी बंद आहे, तिने भिंतीवरचं बटन बंद केलं आणि माझी सेव्ह न केलेली फाईल गेली.