वेगासची नवी बंदूक आणि कोकणातली बारा बोअर

दर जानेवारीत, हापूसच्या मोहोरावर फवारणी चालू असते त्या सुमारास, अमेरिकेत लास वेगासला शॉट शो भरतो. बंदुका, काडतुसं, दुर्बिणी बनवणाऱ्या कंपन्या वर्षाचा नवा माल तिथे मांडतात आणि दोन दिवसांत त्याचे फोटो कणकवली, लांजा, चिपळूणपर्यंत पोचतात. इथे त्यावर बोलणारी मंडळी ठरलेली: परवानाधारक बागायतदार, फौजेतून निवृत्त झालेले, रायफल क्लबात जाणारी पोरं आणि जुन्या बंदुका दुरुस्त करणारा एखादा कारागीर. नळी, दस्ता, वजन, किंमत सगळ्याची चिरफाड होते आणि गाडी येऊन थांबते ती एकाच प्रश्नावर: आपल्याकडे मिळेल काय? उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असतं. त्या 'नाही'च्या मागे दीडशे वर्षांचा कायदा आहे.

उदाहरणादाखल २०२३ च्या शोमध्ये गाजलेली बेरेटाची 'ए३०० अल्टिमा पॅट्रोल' घ्या. बारा बोअर (नळीच्या व्यासाचं माप, पुढे सांगतो), सेमी-ऑटोमॅटिक (एक बार झाला की पुढचं काडतूस आपोआप चढवणारी), तीन इंची चेंबर (काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग), १९.१ इंच नळी. अमेरिकेत ही साधी घरगुती राखणीची बंदूक. भारतीय शस्त्र नियमांपुढे ठेवली तर पहिला अडथळा नळीचा. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने छऱ्याच्या बंदुकीची नळी किमान १८ इंच ठरवली, म्हणून तिथले कारखाने १८.५ किंवा १९ इंचावर नळी कापतात. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ही मर्यादा २० इंच, म्हणजे ५०८ मिलिमीटर आहे. दुसरा अडथळा सेमी-ऑटोमॅटिकचा. १९६२ च्या नियमांच्या पहिल्या परिशिष्टात २० इंचांहून कमी लांबीच्या गुळगुळीत (आत आटे नसलेल्या) नळीच्या बंदुका आणि सेमी-ऑटोमॅटिक शस्त्रं एकाच वर्गात, सर्वसाधारण परवान्याच्या बाहेर बसवली होती. म्हणजे ही बंदूक दोन्ही कलमांत अडकते. वेगासच्या यादीतल्या बहुतेक 'टॅक्टिकल' बंदुकांची हीच गत. त्यांच्यावर तासभर वाद घालण्याआधी नळीचा आकडा वाचावा.

शोबद्दल थोडं. पहिला शॉट शो १९७९ मध्ये सेंट लुईसला भरला आणि २०१० पासून त्याचा मुक्काम वेगासलाच आहे. तो उद्योगासाठी आहे, तिकीट काढून कोणालाही आत जाता येत नाही. दुकानदारांकडून मागणी गोळा करणं हा हेतू, त्यामुळे 'जाहीर झाली' आणि 'दुकानात आली' यांत अमेरिकेतही कित्येकदा महिने जातात. जर्मनीत न्यूरेंबर्गला १९७४ पासून आयडब्ल्यूए नावाचा असाच मेळा भरतो. शिकारीच्या दुनळ्या आणि एकनळ्या तिथे जास्त दिसतात. कोकणातल्या माणसाने खरं तर वेगासपेक्षा न्यूरेंबर्गकडे बघावं.

आता मूळ गोष्ट. १८५७ नंतर सरकारने हत्यारं गोळा करायला सुरुवात केली आणि लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना लागेल, गोऱ्याला लागणार नाही, असा तो सरळ भेदाचा कायदा. पण शेती राखणाऱ्याला काहीतरी हत्यार देणं भाग होतं. रानडुक्कर, साळिंदर, वांदर हे तेव्हाही होतेच. यातून ठासणीच्या बंदुकीचा प्रघात पडला. तोंडाकडून दारू, वर चिंधी, मग छर्रे, पुन्हा चिंधी, गजाने ठासायचं आणि मागच्या निपलवर (बारीक भोकाच्या बोंडावर) केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, बसवायची. बार झाला की पुन्हा भरायला मिनिटभर जातं, आणि सरकारला नेमकं तेच हवं होतं.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा अधिनियम झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याचं कलम १३ काळजीपूर्वक वाचलं तर कोकणातल्या आजच्या बंदुकांचा नकाशा डोळ्यांपुढे येतो. संरक्षण किंवा क्रीडेसाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत बंदूक; पीक संरक्षणासाठी मात्र ठासणीची बंदूक; आणि ठासणीची पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच पिकासाठी दुसरी गुळगुळीत नळीची. काजूच्या बागेत आजही ठासणीची बंदूक दिसते ती हौसेपोटी नव्हे, या कलमामुळे. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगीही नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर उभ्या पिकात आलेलं डुक्कर मारायलाही कलम ११ खाली वनविभागाचा लेखी आदेश लागतो. पुष्कळ जण इथेच अडचणीत येतात: परवाना कपाटात असतो आणि आदेश कुठेच नसतो.

रायफल आणि पिस्तुलाचं वेगळं. लष्करी काडतूस नागरिकाच्या हाती जाऊ नये हे इंग्रजांचं धोरण. म्हणून फौजेचं .३०३ बंद. त्याच्या जागी हिंदुस्थानी बाजारासाठी बीएसएसारख्या कंपन्यांनी .३१५ च्या रायफली बनवल्या. तिचं काडतूस ८ मिलिमीटर मॅन्लिकरच्या जुन्या घराण्यातलं. पुढे इशापूरच्या रायफल फॅक्टरीने तीच चालू ठेवली. पिस्तुल-रिव्हॉल्वरमध्ये .३८, .४५५ आणि ९ मिलिमीटर वर्ज्य, म्हणून .३२ उरलं. २०१४ मध्ये कानपूरहून आलेली टायटॅनियम मिश्रधातूची 'निर्भीक' आणि २०२३ ची 'प्रबल' ही दोन्ही रिव्हॉल्वरं .३२ चीच का, याचं उत्तर त्या जुन्या धोरणात आहे. वेगासला दरवर्षी नव्या पिस्तुलांचा जो पूर येतो तो बहुतांशी ९ मिलिमीटरचा. तो सगळा आपल्यासाठी काचेच्या पलीकडचा.

आणि काचेच्या अलीकडचंही येत नाही, कारण १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकासाठी परदेशी बंदुकीची आयात बंद आहे. नावाजलेल्या नेमबाजांना सवलत मिळते, बाकीच्यांनी आधीपासून देशात असलेली जुनी परदेशी बंदूक परवान्यावर विकत घ्यायची. त्यामुळे सत्तर-ऐंशी वर्षांची बर्मिंगहॅमची दुनळी नव्या देशी बंदुकीपेक्षा महाग विकली जाते. नवी हवी असेल तर सरकारी कारखान्याची किंवा मुंगेर, जम्मूकडच्या छोट्या कारखान्यांची एकनळी-दुनळी.

जुनी दुनळी घेणाऱ्यासाठी शोच्या पत्रकातली सगळ्यात कामाची ओळ म्हणजे चेंबरची लांबी. बारा बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचे बारा शिशाचे गोळे एका पौंडात बसतात, व्यास साधारण १८.५ मिलिमीटर. तो सगळीकडे सारखा. चेंबर मात्र बदलत गेलं: जुन्या इंग्रजी बंदुकांत ६५ मिलिमीटर, मग ७०, मग ७६, आणि १९८८ पासून ८९ म्हणजे साडेतीन इंच. काडतुसाची लांबी मोजतात ती बार झाल्यावर तोंड उघडलेल्या नळकांड्याची. त्यामुळे ७० चं न वापरलेलं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये अलगद बसतं, बंदूक मिटते, काहीच वावगं दिसत नाही. बार झाला की दुमडलेलं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं, वाट आवळते आणि दाब चढतो. एका बारात नळी फुटेलच असं नाही. बहुधा आधी सांधा सैल होतो, नळी आणि तिचं मागचं तोंड बंद करणारा भाग यांत फट पडते आणि मग कारागीर सांगतो की बंदूक 'हलली'. नळीखालचा शिक्का वाचा. आकडा नसेल तर गेज लावून मोजून घ्या, आणि नळीवर पीळदार वेलबुट्टी दिसत असेल तर ती बहुधा काळ्या दारूच्या जमान्यातली डमास्कस नळी. तिच्यात आजचं काडतूस घालूच नये.

शिशाऐवजी पोलादी छर्रे हा शोमधला दुसरा मोठा विषय. अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांवर शिसं वापरायला देशभर बंदी आहे, युरोपीय संघात २०२३ पासून पाणथळ जागांत. शिशाची घनता ११.३, पोलादाची ७.८, हलका छर्रा लवकर वेग गमावतो, म्हणून मोठे छर्रे, जास्त वेग, लांब काडतूस. तीन आणि साडेतीन इंची चेंबरचा सध्याचा सोस इथूनच आला. टंगस्टनचे छर्रे १८ च्या घनतेचे, पण किंमत ऐकून गप्प बसावं. आपल्याकडे अजून शिसंच. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसं मिळतात: डुकरासाठी एलजी, औंसाला सहा छर्रे, किंवा एसजी, औंसाला आठ. जुन्या फुल चोकमधून, म्हणजे तोंडाशी आवळलेल्या नळीतून, पोलादी छर्रा मारला तर तोंडाशी नळी कडं उठल्यासारखी फुगते, कारण पोलाद शिशासारखं दबत नाही.

कायदा जेवढा आड येतो तेवढाच इथला पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि किनाऱ्याला खारा वारा. बंदुकीवरची निळाई म्हणजे लोखंडाचा पातळ ऑक्साइड थर. ती तेल धरते, स्वतःहून गंज थांबवत नाही. बोटांचे ठसे जूनमध्ये दोन दिवसांत तांबूस उमटतात. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते, म्हणून ठासणीची बंदूक नुसत्या तेलाने पुसणं म्हणजे गंज झाकून ठेवणं. निपल काढून कढत पाण्याने नळी धुवायची, पाणी स्वच्छ येईपर्यंत, मग पूर्ण कोरडी करून तेलाचा बोळा. चामड्याच्या पिशवीत बंदूक ठेवू नये, चामडं ओल धरतं. लाकडी दस्ता पावसात फुगतो आणि चापाची हालचाल जड होते. खिळ्यांवर तेलाचा अतिरेक केला तर लाकूड नरम पडतं. कागदी नळकांड्याची काडतुसं फुगून चेंबरमध्ये अडकतात, प्लॅस्टिकची नाही. कळीतलं जुनं ग्रीस थिजलं की घोडा हलका पडतो आणि काडतूस फुसकं जातं. अशा वेळी नळी मोकळ्या दिशेला धरून किमान मिनिटभर थांबायचं, लगेच उघडायची नाही.

आणखी एक खास कोकणी संकट: कुंभारमाशी. भिंतीला टेकवून ठेवलेल्या बंदुकीच्या तोंडात ती मातीचं घर करते. तोंडाला काही दिसत नाही, आत चार बोटांवर गोळा असतो आणि त्यावर बार काढला की नळी फुगते किंवा फाटते. ठासणीच्या बंदुकीत गजावर दोन खुणा कराव्यात, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. भरायच्या आधी गज टाकून बघितला की माशीचं घरही कळतं आणि आधीचा न उडालेला बारही. दोनदा भरलेली बंदूक हे या भागातल्या फुटलेल्या नळ्यांचं जुनं कारण आहे. घरात बारा आणि वीस बोअर दोन्ही असतील तर काडतुसं वेगळ्या डब्यांत. वीसचं काडतूस बाराच्या चेंबरमधून पुढे घसरून नळीत अडकतं आणि मागे बाराचं बसतं. वीसच्या काडतुसाचा रंग पिवळा ठेवतात तो यासाठीच.

या दृष्टीने बघितलं तर वेगासच्या घोषणांत खरोखर हेवा वाटावा असं काही असेल तर ते लेप आणि दस्ते: नायट्राइड केलेली नळी, सेराकोटसारखा भाजून पक्का केलेला सिरॅमिक मिश्रित लेप, आतून हार्ड क्रोम, पॉलिमरचा दस्ता. वर लाल ठिपक्याचं दर्शक लावायची सोय सगळे मिरवतात, पण काजूच्या बागेत वीस-पंचवीस पावलांवर तिचं काम फारसं नाही.

असा मेळा कोकणच्या दारातही भरून गेला आहे. २०१६ च्या मार्चअखेर डिफेक्स्पो दक्षिण गोव्यात, केपे तालुक्यात झाला. तो लष्करी मालाचा, नागरी बंदुकांचा नव्हे. त्याच वर्षी जुलैत नवे शस्त्र नियम आले आणि खासगी कारखान्यांना परवाने मिळण्याची वाट मोकळी होऊ लागली. १ ऑक्टोबर २०२१ ला सरकारी शस्त्र कारखाने चालवणारं आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. नागरी बंदुका आता त्यांतल्या कानपूरच्या एडब्ल्यूईआयएल या कंपनीकडे. मधल्या २०१९ च्या दुरुस्तीने १९८३ पासूनची तीन शस्त्रांची मर्यादा दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली. वडिलांची दुनळी, आजोबांची ठासणीची आणि स्वतःची एकनळी अशी तिन्ही ज्यांच्या नावावर होती त्यांना एक सोडावी लागली.

निवडणूक लागली की तपासणी समिती सांगेल त्यांनी बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची. २०२४ च्या लोकसभेला रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि रायगडचं मतदान ७ मेला होतं, म्हणजे ऐन काजूच्या हंगामात. जमा करताना नळीला आतून-बाहेरून जाड तेल, तोंडाला कापडी बोळा आणि पावतीवर क्रमांक नीट वाचून सही. परत घेताना बोळा काढून उजेडाकडे नळी धरून आरपार बघायचं. बोळा राहिलेला असेल तर तोही अडथळाच.