गोठणसहिष्णुता

शरीरातील पाण्याचा मोठा भाग बर्फ झाल्यावरही जिवंत राहण्याची काही प्राण्यांची क्षमता. शीतनिद्रेशी तिची गल्लत होऊ नये. आर्क्टिक भूखारीचे शीतनिद्रेतील तापमान −२·९° से. पर्यंत उतरल्याची नोंद आहे (१९८९), पण तिचे रक्त द्रवरूपच राहते. गोठणबिंदूखाली जाऊनही न गोठण्याच्या या स्थितीला अतिशीतन म्हणतात. अंटार्क्टिक समुद्रातील काही मासे रक्तातील गोठणरोधी प्रथिनांमुळे गोठणे टाळतात. गोठणसहिष्णू प्राणी मात्र गोठणे टाळत नाही, ते सोसतो. असे अनेक कीटक आहेत. पृष्ठवंशीयांत उत्तर अमेरिकेतील वुड फ्रॉग या बेडकाचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे. (२००६ नंतर काही वर्गीकरणकार त्याला लिथोबेट्स या प्रजातीत घालतात, येथे राना सिल्व्हॅटिका हे रुळलेले शास्त्रीय नाव ठेवले आहे.)

या घटनेच्या शोधाचे श्रेय सामान्यतः अमेरिकी जीवशास्त्रज्ञ विल्यम श्मिड यांना दिले जाते. जमिनीवर हिवाळा काढणारे बेडूक गोठूनही जगतात, हे त्यांनी १९८२ मध्ये प्रयोगाने दाखवले. निरीक्षण म्हणून मात्र ते बरेच जुने आहे. इंग्रज प्रवासी सॅम्युएल हर्न यांनी १७६९–७२ च्या सुमारास कॅनडातील हडसन उपसागराच्या पश्चिमेस प्रवास केला. १७९५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात शेवाळाबरोबर खणून निघालेल्या, बर्फासारख्या कडक बेडकांचा उल्लेख आहे. कातड्यात गुंडाळून मंद आचेजवळ ठेवल्यास ते हालचाल करू लागत. पुन्हा गोठल्यास मात्र मरत, असे हर्न सांगतात. जातीचे नाव ते देत नाहीत. त्या भागात वुड फ्रॉगखेरीज कोरस फ्रॉग हा लहान बेडूकही आढळतो आणि तोही गोठण सोसतो, त्यामुळे हा उल्लेख निःसंशय वुड फ्रॉगचाच मानणे घाईचे ठरेल.

वुड फ्रॉग पालापाचोळ्याखाली उथळ जागी हिवाळा काढतो. बर्फ बहुधा त्वचेकडून आत पसरतो. त्वचेवर पहिले स्फटिक धरताच यकृतातील ग्लायकोजेनचे (साठवलेल्या शर्करेचे) विघटन सुरू होते आणि रक्तातील ग्लुकोज लिटरमागे सुमारे ५ मिलीमोलवरून २०० मिलीमोलच्या पुढे जाते. माणसात इतकी साखर प्राणघातक ठरेल. बर्फ पेशींच्या बाहेर, त्वचेखाली व देहगुहेत साठतो. तर्षणामुळे (पाणी पातळ द्रावाकडून दाट द्रावाकडे जाण्यामुळे) पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते, पण आत शिरलेले ग्लुकोज पेशीला मर्यादेपलीकडे आकसू देत नाही. पेशीच्या आत बर्फ झाल्यास ती सहसा वाचत नाही. शरीरातील सुमारे ६५ टक्के पाणी गोठल्यावर श्वसन, रक्ताभिसरण व हृदयाचे ठोके थांबतात. वितळल्यावर हृदय आधी सुरू होते. पायांची हालचाल बऱ्याच उशिरा परतते.

या संरक्षणाचे श्रेय कोणत्या पदार्थाला, यावर मते पूर्ण जुळत नाहीत. कॅनडातील केनेथ व जॅनेट स्टोरी यांनी ग्लुकोजवर भर दिला. पुढे अमेरिकेतील संशोधक कोस्टान्झो व ली यांनी गोठण्यापूर्वीच साठणाऱ्या युरियाकडे लक्ष वेधले. दोन्ही एकत्र काम करतात, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सर्व सहिष्णू बेडकांत ग्लुकोजच असते असेही नाही: करड्या वृक्षबेडकात ग्लिसरॉल आढळते.

सहनशक्तीची मर्यादाही स्थळानुसार बदलते. ओहायोतील बेडकांना सुमारे −५° से. च्या आसपासची थंडी सोसते, तर अलास्कातील फेअरबँक्सजवळचे बेडूक नैसर्गिक अवस्थेत सहा महिन्यांहून अधिक काळ गोठून राहिल्याचे व −१८° से. सारखे तापमान सोसल्याचे २०१४ मध्ये नोंदले गेले. तेथे शरद ऋतूत बेडूक वारंवार गोठतात व वितळतात, आणि प्रत्येक खेपेस ग्लुकोज वाढते असे दिसते. हर्न यांचे ‘पुन्हा गोठल्यास मरतात’ हे विधान याच्याशी जुळत नाही. मात्र आगीजवळची ऊब आणि शरदातील संथ चढउतार यांत फरक आहे, हे लक्षात घ्यावे लागते.

सायबेरियन सॅलॅमँडरही गोठण सोसतो. चित्रित कासवाची (पेंटेड टर्टल) पिले गोठतात की अतिशीत राहतात, हा वाद जुना आहे. घरट्यातील कडक हिवाळ्यात ती प्रामुख्याने अतिशीतनानेच तरतात, या मताकडे कल दिसतो.