क्लॅरेंडन हाउस

लंडनच्या पिकॅडिली भागातील सतराव्या शतकातील भव्य निवासवास्तू. बांधकाम १६६४–६७, १६८३ मध्ये जमीनदोस्त.

इंग्लंडचा लॉर्ड चान्सलर म्हणजे राजाचा प्रमुख मंत्री एडवर्ड हाइड (क्लॅरेंडनचा पहिला अर्ल) याने राजा दुसरा चार्ल्स याच्याकडून मिळालेल्या जमिनीवर ही वास्तू उभारली. वास्तुकार रॉजर प्रॅट. मधला मुख्य भाग, दोन्ही टोकांना पुढे आलेले पाखे, उतरत्या छपरावर कठडा आणि घुमटी अशी तिची प्रमाणबद्ध रचना होती. आत नामवंत इंग्रजांच्या व्यक्तिचित्रांचा मोठा संग्रह होता. इंग्लंडमध्ये इतके सुंदर आणि सोयीचे घर दुसरे नाही, असे जॉन ईव्हलिन या समकालीन जाणकाराचे मत होते.

घर देखणे होते, पण काळ वाईट निवडला गेला. १६६५ मध्ये प्लेग, १६६६ मध्ये लंडनची आग आणि त्यातच डचांशी युद्ध. हजारो लोक बेघर असताना चान्सलरचा वाडा मात्र चढत होता. १६६२ मध्ये इंग्रजांच्या ताब्यातील डंकर्क हे बंदर फ्रान्सला विकले गेले, त्यात हाइडने हात ओले केले, अशी वदंता पसरून घराला ‘डंकर्क हाउस’ हे नाव पडले. वास्तविक तो पैसा राजाच्या तिजोरीत गेला होता. जून १६६७ मध्ये डच आरमार मेडवे नदीत घुसले, तेव्हा जमावाने घराच्या खिडक्या फोडल्या, पुढची झाडे तोडली आणि फाटकावर फाशीचा खांब रंगवला. सोबतच्या मजकुरात तीन आरोप होते : डंकर्क, टँजियर आणि वांझ राणी. ही राणी म्हणजे दुसऱ्या चार्ल्सची पोर्तुगीज पत्नी, ब्रगांझाची कॅथरिन. तिच्याच विवाहकरारात उत्तर आफ्रिकेतील टँजियर बंदराबरोबर मुंबई इंग्रजांना मिळाली. हाइडची मुलगी राजाच्या भावाला दिलेली होती; राजाला मूल न होता आपल्या नातींना गादी मिळावी म्हणून हाइडने हे लग्न जमवले, असेही लोक म्हणत. त्या नाती, मेरी आणि ॲन, पुढे खरोखर राण्या झाल्या; पण त्यामागे आजोबांचा डाव होता, हे मानणे अन्यायाचे आहे.

ऑगस्ट १६६७ मध्ये हाइड पदच्युत झाला. ईव्हलिन भेटीस गेला तेव्हा संधिवाताने जखडलेला हाइड चाकाच्या खुर्चीत बसून बागेची फाटके बसवताना पाहत होता. लगेच तो फ्रान्सला निघून गेला आणि १६७४ मध्ये रूआं येथे निवर्तला.

नंतर ऑर्मंडचा ड्यूक येथे राहत असे. डिसेंबर १६७० मध्ये घरी परतताना टॉमस ब्लड याच्या टोळीने त्याला पळवले, पण तो निसटला. पुढच्याच वर्षी ब्लडने राजमुकुट चोरण्याचा प्रयत्न केला.

१६७५ मध्ये अल्बमार्लच्या दुसऱ्या ड्यूकने घर विकत घेतले आणि त्याला आपले नाव दिले. कर्जबाजारी झाल्यावर त्याने ते विकले. सर टॉमस बाँड यांच्यासह भांडवलदारांनी ते पाडून अल्बमार्ल, डोव्हर, स्टॅफर्ड आणि बाँड हे रस्ते आखले. १७९९ मध्ये स्थापन झालेली रॉयल इन्स्टिट्यूशन ही विज्ञानसंस्था यांपैकीच अल्बमार्ल स्ट्रीटवर आहे. लिंकनशरमधील बेल्टन हाउसच्या रचनेत क्लॅरेंडन हाउसची छाप दिसते.

१६८३ मध्ये हाइडच्या मुलासोबत घोडागाडीतून या घरावरून जाताना, विषय निघू नये म्हणून ईव्हलिनने गाडी पुढे जाईपर्यंत तोंड दुसरीकडे फिरवले होते.