एका जुवाला बैल आन रेडा

मागच्या महिन्यात भाचा लातूरहून आला होता, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, कॉलेजात कंपन्या यायल्यात म्हणून बायोडाटा बनवायलाय, तर म्हणला मामा एकदा नजर मारा. सगळं ठीक होतं, फक्त शेवटी हॉबीजच्या खाली एक वाक्य होतं, ‘आय लाइक स्विमिंग, रीडिंग अँड टु प्ले क्रिकेट’. मी त्या ‘टु प्ले’ला पेनानं गोल केला.

तो म्हणला, "मामा, याच्यात चूक काय हाय? आय लाइक टु प्ले क्रिकेट हे बरोबरच हाय की."

आता हे पोराचं म्हणणं खरंच आहे. ते वाक्य एकटं असतं तर काही चूक नव्हती. चूक शब्दात नाही, ओळीत आहे. पहिले दोघं आयएनजी लावून आले आणि तिसरा ‘टु’ घेऊन घुसला. दाजी शेजारी सुपारी कातरत बसले होते, त्यांना इंग्रजीचा गंध नाही, पण आमचं ऐकून म्हणले, "म्हणजे एका जुवाला बैल आन रेडा." यापेक्षा सोपं मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. ग्रामरच्या पुस्तकात याला पॅरलल स्ट्रक्चर म्हणतात, यादीतल्या किंवा ‘अँड’, ‘ऑर’नं जोडलेल्या सगळ्या गोष्टी एकाच घडणीच्या पाहिजेत एवढंच त्याचं म्हणणं.

आपल्याकडे क्लासमध्ये हे स्पर्धा परीक्षेतल्या ‘चूक ओळखा’ टाइप प्रश्नासाठी शिकवतात, ट्रिक म्हणून, आणि तिथंच सोडून देतात. पण ही नुसती मास्तरांची कुरबुर नाही, याच्यामागं डोकं कसं चालतं याची चांगली भानगड आहे.

आधी आपल्या मराठीचं बघू. ‘मला पोहायला, वाचणं आणि क्रिकेट खेळीन आवडतं’ असं कोणी बोललं तर तिसरीतलं लेकरू पण हसंल. म्हणजे कान आपल्याकडे आहे, आणि चांगला तयार आहे, ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ किंवा ‘खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी’ ऐकत मोठे झालेले लोक आपण, दोन्ही बाजू एका मापाच्या कापलेल्या. मग इंग्रजीत हाच कान बहिरा का होतो? माझ्या मते घोळ असा आहे की ‘पोहायला आवडतं’ याला इंग्रजीत दोन रूपं चालतात, ‘टु स्विम’ पण आणि ‘स्विमिंग’ पण. पोरांच्या डोक्यात दोन्ही एकाच मराठी शब्दाच्या डब्यात पडलेली असतात, हात घातला की जे वर येईल ते बाहेर काढायचं. मनातल्या मनात मराठी करून बघितलं तर ‘पोहायला, वाचायला, खेळायला’ असं एकदम सरळ ऐकू येतं, म्हणजे मराठीच ती चूक झाकून टाकते.

आणि इंग्रजीला हे आपल्यापेक्षा जास्त लागतं याला कारण आहे. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटलेला असतो, ‘मुंगसानं सापाला मारलं’ म्हणा नाहीतर ‘सापाला मुंगसानं मारलं’ म्हणा, मेला सापच. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत पण नामाला असे प्रत्यय होते, पुढं ते झिजत गेले आणि आता कोण कुणाशी जोडलंय हे शब्दाच्या जागेवरून आणि रूपावरून ओळखावं लागतं. वाक्यात ‘अँड’ आला की वाचणाऱ्याला पटकन ठरवावं लागतं, याची जोडी मागच्या कोणत्या तुकड्याशी? पुढचा तुकडा मागच्यासारखाच दिसला की काम सोपं.

हे मोजून झालेलं आहे. १९८४ साली लिन फ्रेझियर या भाषाशास्त्रज्ञ बाईनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी लोकांना जोडवाक्यं वाचायला दिली आणि वाचायला किती वेळ लागतो ते बघितलं. वाक्याचा दुसरा भाग पहिल्यासारख्याच घडणीचा असला की लोक तो जास्त भराभर वाचायचे. म्हणजे मेंदू पहिल्या भागाला केलेला साचा फेकून देत नाही, हाताशी ठेवतो.

१९८६ चा कॅथरिन बॉक या मानसशास्त्रज्ञ बाईचा प्रयोग तर मला लई आवडतो. लोकांना सांगितलं की ही स्मरणशक्तीची परीक्षा आहे. एक वाक्य ऐकायचं, ते मोठ्यानं म्हणायचं, मग एक चित्र दाखवणार, त्यात काय चाललंय ते सांगायचं. वाक्याचा आणि चित्राचा काही संबंध नाही. वाक्य असायचं ‘फॅननं रेफ्रीला ठोसा मारला’ किंवा तेच उलटून ‘रेफ्रीला फॅनकडून ठोसा मारला गेला’ अशा धाटणीचं, आणि चित्रात चर्चवर वीज पडायलीय. तर झालं असं की आधी पॅसिव्ह, म्हणजे ते उलटलेलं, वाक्य म्हणलेले लोक चित्राचं वर्णन पण पॅसिव्हमध्ये जास्त करायला लागले, चर्चवर वीज पडतीय असं सरळ न म्हणता, चर्चला विजेकडून मार बसतोय अशा वळणानं. शब्द वेगळे, विषय वेगळा, फक्त घडण तीच, आणि बोलणाऱ्याला पत्ता पण नाही की आपण नक्कल करायलोत. पुढं २००८ मध्ये बॉक आणि सहकाऱ्यांनी स्मृती गेलेल्या रुग्णांवर असंच करून बघितलं, ज्यांना आत्ता म्हणलेलं वाक्य पण नीट ओळखता येत नव्हतं, तरी घडणीचा परिणाम टिकून होता! वाक्यात काय सांगितलं ते विसरलं, पण कसं सांगितलं ते राहिलं. बैलगाडीच्या वाटेवर चाकोरी पडते ना तसं, गाडी कोणाची होती कुणाला आठवत नाही पण पुढचं चाक त्याच चाकोरीत जातं.

भाच्याला हे सगळं सांगितलं तर जांभई द्यायला लागला. मग त्याला पैशाची गोष्ट सांगितली.

अमेरिकेत मेन नावाचं राज्य आहे, तिथं आठवड्याला ४० तासांच्या वर काम केलं की दीडपट पगार द्यावा लागतो. पण काही कामांना सूट होती, कायद्यात यादीच दिलेली, नाशवंत माल वगैरेच्या बाबतीत ‘कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन’. ओकहर्स्ट डेअरीचे दूध पोचवणारे ड्रायव्हर ओव्हरटाइम मागायले, कंपनी म्हणली तुमचं काम डिस्ट्रिब्युशन, ते यादीत आहे, पैसे नाहीत. ड्रायव्हर म्हणले, यादीत ‘पॅकिंग’ आहे, शिपमेंटसाठीचं किंवा डिस्ट्रिब्युशनसाठीचं, आम्ही पॅकिंग करत नाही, नुसतं पोचवतो. ही केस जगभर ‘एका कॉमाची केस’ म्हणून गाजली, कारण ‘शिपमेंट’च्या पुढं कॉमा नव्हता, असता तर डिस्ट्रिब्युशन हे यादीतलं वेगळं काम ठरलं असतं. पण ड्रायव्हरांचा दुसरा मुद्दा मला जास्त जोरदार वाटतो. ते म्हणले, यादीतलं प्रत्येक काम आयएनजी लावून आलंय, मग डिस्ट्रिब्युशन हे पण वेगळं काम असतं तर कायदा लिहिणाऱ्यानं ‘डिस्ट्रिब्युटिंग’ नसतं का लिहिलं? ते ‘शिपमेंट’सारखं दिसतंय म्हणजे ते शिपमेंटचं जोडीदार आहे, पॅकिंगचं नाही. २०१७ मध्ये अपील कोर्टानं म्हणलं की वाक्य दोन्हीकडून लागतंय, आणि असं असलं की तिथल्या रिवाजानं कामगाराच्या बाजूनं अर्थ लावायचा. २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. दरम्यान तिथल्या विधिमंडळानं ती यादी नव्यानं लिहिली, कॉमाच्या जागी अर्धविराम टाकले, आणि डिस्ट्रिब्युशनचं गुपचूप डिस्ट्रिब्युटिंग केलं.

आपल्याकडचं उदाहरण तर शाळेच्या प्रत्येक पुस्तकात छापलेलं आहे. संविधानाच्या उद्देशिकेत ‘इक्वॅलिटी ऑफ स्टेटस अँड ऑफ ऑपॉर्च्युनिटी’ असं आहे. दुसरा ‘ऑफ’ काढला तरी व्याकरण चालतं, पण ठेवलाय, दोघांना आपापला. आणि मराठीत पण बघा, ‘दर्जाची व संधीची समानता’. ‘दर्जा व संधीची’ म्हणून काम भागलं असतं, पण दोन्हीला ‘ची’ लावलंय. लेकरं रोज परिपाठाला म्हणतात पण कुणी त्यांना हे दाखवत नाही, क्लासच्या त्या ट्रिकपेक्षा हे दाखवलं असतं तर जास्त लक्षात राहिलं असतं.

एक सांगतो, हे अति पण करू नये. प्रत्येक वाक्य तीन-तीनच्या सरीत बसवलं की ते निवडणुकीच्या बॅनरसारखं वाटायला लागतं.

भाच्यानं शेवटी लॅपटॉप ओढला, ‘टु प्ले’ खोडलं, ‘प्लेइंग’ केलं. ‘स्विमिंग, रीडिंग अँड प्लेइंग क्रिकेट’. दोनदा वाचून बघितलं, मान हलवली, आणि मग हळूच म्हणला, "पण मामा, मला पोहायला येतच नाही, मित्राच्या बायोडाटातून उचललंय ते."

दाजी म्हणले, "येईल कुठून? २०१६ ला प्यायचं पाणी रेल्वेनं आलंय लातुरात."