पासपोर्ट काढताय? आधी नाव जुळवा, मग अर्ज भरा

दिवाळीच्या सुट्टीत दुबई किंवा सिंगापूर ठरलं की घरात आधी विमानाचे दर बघितले जातात. पासपोर्ट हातात नसेल तर तिकिटाच्या नादी लागू नका. आधी घरातल्या प्रत्येकाचं आधार, पॅन आणि शाळा सोडल्याचा दाखला शेजारी शेजारी मांडा आणि नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा.

आपलं नाव तीन भागांचं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. पासपोर्टात रकाने दोनच. आडनावाच्या रकान्यात फक्त आडनाव जातं. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लावत असाल तर ते स्वतःच्या नावानंतर, ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात. आधारवर ‘सुनीता एस. पाटील’, दाखल्यावर ‘पाटील सुनीता सुरेश’ आणि पॅनवर स्पेलिंगमध्ये ‘आय’च्या जागी डबल ‘ई’, असा घोळ असेल तर तो अर्जाआधीच निस्तरा. आडनावाचा रकाना रिकामाही सोडू नका. पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असलेल्या पर्यटकांना यूएईने (दुबई याच देशात आहे) २०२२ मध्ये अडवायला सुरुवात केली होती.

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे, अशी सक्ती नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट खुशाल चालतो. फक्त तिकीटही त्याच नावाचं काढा. बदलायचंच असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडून ‘री-इश्यू’चा, म्हणजे पासपोर्ट नव्याने काढून घेण्याचा अर्ज करावा लागतो.

अर्ज ऑनलाइनच होतो, पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट साइट्स जादा पैसे उकळतात, तेव्हा पत्त्यातलं ‘गव्ह डॉट इन’ बघूनच पुढे जा. फॉर्म भरा, फी भरा, पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट घ्या. मोठ्यांसाठी ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, ६० पानीची २,०००. तत्काळ हवा असेल तर वर आणखी २,०००. लहान मुलांना १,०००. नव्या अर्जात ८ वर्षांखालच्यांना आणि ६० वर्षांवरच्यांना १० टक्के सूट मिळते.

पत्त्यासाठी आधार किंवा लाइट बिल चालतं. बँकेचं फोटो असलेलं पासबुकही चालतं, पण सरकारी, खासगी शेड्युल्ड (रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या) किंवा ग्रामीण बँकेचं. गावातल्या सहकारी बँकेचं किंवा पतसंस्थेचं पासबुक घेऊन गेलात तर ते यादीत बसत नाही. जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला, पॅन वगैरे पर्याय आहेत. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांना मात्र फक्त जन्म दाखला. दहावी पास असाल तर त्याचं प्रमाणपत्र सोबत ठेवा, म्हणजे ‘ईसीआर’चा (काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते, असं सांगणारा) शिक्का बसत नाही.

केंद्रावर मूळ कागदपत्रं आणि झेरॉक्स दोन्ही न्या. तिथे ए, बी, सी अशा तीन काउंटरवरून जावं लागतं: ‘ए’वर फोटो, बोटांचे ठसे आणि कागद स्कॅन, पुढच्या दोन ठिकाणी अधिकाऱ्यांची तपासणी. फोटो तिथेच काढतात. ४ वर्षांखालच्या मुलाचा तेवढा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा न्यावा. ‘ए’वर स्क्रीनवर नाव दाखवतात तेव्हा मान डोलावून मोकळं होऊ नका, एकेक अक्षर वाचा. मुलांच्या अर्जाला आई-वडील दोघांच्या संमतीचं पत्र, म्हणजे ‘ॲनेक्श्चर डी’ लागतं.

मग पोलीस पडताळणी. इथे अर्ज रखडतात ते पत्त्यामुळे. मुलगी पुण्यात भाड्याने राहते आणि अर्जात पत्ता लातूरचा, तर पोलीस लातूरला जाणार. सध्या जिथे राहता तोच पत्ता लिहा आणि त्याचाच पुरावा द्या. पोलीस ठाण्यातून अनोळखी नंबरवरून फोन येईल, तो उचला.

मोठ्यांचा पासपोर्ट १० वर्षं चालतो, लहानांचा ५ वर्षं किंवा १८ पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल ते. ज्यांच्याकडे पासपोर्ट आधीपासून आहे त्यांनीही मुदत बघावी: सिंगापूर, यूएई, व्हिएतनामसारखे देश किमान ६ महिन्यांची वैधता मागतात. मुलांचे पासपोर्ट कधी संपले हे बऱ्याच घरांत चेक-इन काउंटरवरच कळतं.