इक्झोरा पिवळा का पडतो?

कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीत पेंटगूळ फारशा देखभालीविना फुलतो. रोपवाटिकांत त्यालाच इक्झोरा म्हणतात. त्याचे बुटके वाण दोन-तीन फुटांवर थांबतात, बाराही महिने हिरवे राहतात. पण हेच रोप देशावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत लावलं आणि बोअरचं जड पाणी दिलं, की वर्षभरात पिवळं पडतं.

अशा वेळी बहुतेक जण युरिया घालतात. थांबा, आधी पानं बघा. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी पडली असतील, तर नत्र कमी आहे. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर लोह कमी पडतंय. लोह मातीत असतं, पण सामू (मातीचा आम्ल-विम्लपणा, म्हणजे पीएच) साडेसातच्या वर गेला की ते विरघळत नाही आणि मुळांना घेता येत नाही. इक्झोराला साडेपाच ते साडेसहा सामू मानवतो. म्हणून राख किंवा अंड्याची टरफलं याच्या बुंध्याशी कधीही घालू नका. दोन्हींनी सामू आणखी वाढतो. सिमेंटच्या नव्या भिंतीलगतही हे झुडूप लावू नये, कारण तिथल्या मातीत चुना उतरत राहतो.

तात्पुरता उपाय म्हणजे लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक अॅसिड मिसळून संध्याकाळी फवारणं, पंधरा दिवसांनी पुन्हा. मातीतून द्यायचं तर 'ईडीडीएचए' प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे मातीत विरघळलेलंच राहील असं बांधलेलं लोह घ्या. स्वस्त 'ईडीटीए' चुनखडीच्या मातीत टिकत नाही. काळ्या जमिनीत खरा उपाय लागवडीच्या वेळीच करावा लागतो: फूटभर उंच वाफा, त्यात निम्मी लाल माती आणि उरलेल्यात कोकोपीट व कुजलेलं शेणखत. दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर. पाणी साचलं, तर लोह घेणं आणखी अवघड होतं.

ऊन किमान पाच तास हवं. फुलांचे गुच्छ फांदीच्या टोकालाच येतात, त्यामुळे कुंपणासारखी दर पंधरवड्याला कात्री चालवली, तर कळ्याच कापल्या जातात. बहर ओसरल्यावर गुच्छाखालची दोन पेरं छाटा. नव्या फुटव्यांवर साधारण दोन महिन्यांत फुलं येतात.

पानांवर काळी काजळी दिसली, तर वर मावा, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड शोधा. काजळीची बुरशी त्यांच्या गोड चिकट्यावर वाढते. लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल थोड्या साबणाच्या पाण्यात घोटून पानांच्या खालून फवारा.