सरकत्या ओळीमुळे सूचना अधिक वाचली जाते का?

महत्त्वाची सूचना सरकती किंवा लुकलुकती ठेवली की ती अधिक वाचली जाते, हा समज मुंबईतील शाळांपासून गृहनिर्माण संस्थांपर्यंत अनेकांच्या संकेतस्थळांवर वर्षानुवर्षे टिकून आहे. तो चुकीचा आहे. हालचालीकडे नजर वळते हे खरे, परंतु नजर वळणे म्हणजे मजकूर वाचला जाणे नव्हे. वाचताना डोळा ओळीवरून अखंड घसरत नाही. तो साधारण पाव सेकंद एका जागी थांबतो, मग पुढे उडी घेतो, आणि ओळच सरकू लागली की हा थांबा वाचकाच्या हाती राहत नाही. ‘परळ विभागात उद्या सकाळी पाणी येणार नाही’ या सूचनेतील ‘येणार नाही’ एवढेच शब्द हाती लागले, तर काय आणि कोठे हे कळण्यासाठी पुढच्या फेरीपर्यंत ताटकळावे लागते. लोकलच्या डब्यातील फलकावर अक्षरे सरकतात ती जागा अपुरी असल्यामुळे. संकेतस्थळाला ती अडचण नाही.

सावकाश वाचणाऱ्यांचे आणि अंधुक दिसणाऱ्यांचे तर अधिकच हाल होतात, आणि ते सहज टाळता येण्याजोगे असल्याने मनाला लागतात. सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांसह सर्वांना संकेतस्थळ वापरता यावे यासाठीच्या, आंतरराष्ट्रीय निकषांनुसार, इतर मजकुराशेजारी आपोआप ५ सेकंदांहून अधिक काळ सरकणारा मजकूर थांबवण्याची सोय हवी. तसेच सेकंदाला ३ पेक्षा अधिक वेळा लखलखाट नसावा, कारण त्यामुळे काही अपस्मारग्रस्तांना झटका येऊ शकतो. फायरफॉक्स या ब्राउझरने लुकलुकत्या अक्षरांची सोय २०१३ मध्येच काढून टाकली. सूचना पानाच्या आरंभी, ठळक अक्षरांत, तारखेसह स्थिर ठेवावी.